नमुन्यातून समष्टीकडे – भाग 6 : एका घरामागे किती घरे?

मागच्या भागात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (2019-21) घरांची फाइल आपण ‘आर’मध्ये उघडली आणि मुद्दाम तिथेच थांबलो. फाइल उघडली की हात शिवशिवतात. रकाना निवडायचा, ‘मीन’ ही आज्ञा द्यायची, की सरासरी पडद्यावर हजर. ती सरासरी चुकीची नसते. फक्त ती फाइलमधल्या घरांची असते, महाराष्ट्राची नसते.

असे का होते? मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने या फेरीत देशभरातली 6 लाख 36 हजार 699 कुटुंबे गाठली. राज्याबरोबर प्रत्येक जिल्ह्याचाही अंदाज हवा होता. त्यामुळे जिल्हा लहान असो वा मोठा, घरे साधारण सारखीच घेतली, नऊशेच्या आसपास. आता 2011 ची जनगणना पाहा. पुणे जिल्हा 94 लाख 29 हजारांचा, सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण इथे पंक्तीचे पातेले आणि दोघांपुरते भांडे, दोन्हींतून एकेक डावच काढला आहे.

हिशेब करून पाहू. समजा, स्वयंपाकाला गॅस वापरणारी घरे पुण्यात 80 टक्के आणि सिंधुदुर्गात 50 टक्के निघाली (आकडे उदाहरणापुरते). साधी सरासरी 65. पण पुणे सुमारे 11 पट मोठे आहे. 94.3 गुणिले 80 अधिक 8.5 गुणिले 50, भागिले 102.8 केले, की उत्तर येते 77.5. दोन जिल्ह्यांतच साडेबारा टक्क्यांची तफावत, आणि महाराष्ट्रात जिल्हे 36.

ही दुरुस्ती करण्याची सोय फाइलमध्येच आहे. ‘एचव्ही005’ नावाचा रकाना शोधा. त्यात 345678 असा काही आकडा दिसेल. तो दचकवतो, कारण दशांशचिन्ह गाळून साठवलेला असतो. दहा लाखांनी भागा, 0.345678 मिळेल. हे त्या घराचे वजन. घर निवडले जाण्याची शक्यता जितकी कमी, तितके वजन जास्त; शिवाय सर्वेक्षणाला न मिळालेल्या घरांची भरपाईही त्यातच केलेली असते.

वजनाने सरासरी जागेवर येते, पण ती किती भरवशाची हे कळत नाही. त्यासाठी घरे कशी निवडली ते सांगावे लागते. प्रत्येक जिल्ह्याचे ग्रामीण आणि शहरी भाग आधी वेगळे केले, ते स्तर. त्यांतून गावे किंवा शहरातले जनगणना गट निवडले, ते समूह. प्रत्येक समूहातून 22 घरे. एकाच आळीतली घरे एकमेकांसारखी असतात. एका घरात गॅस आला की शेजारीही बहुधा आलेला असतो. म्हणून 22 घरे विचारली तरी माहिती 22 घरांची मिळत नाही. हे साम्य अवघे 0.05 धरले, तरी 1 अधिक 21 गुणिले 0.05, म्हणजे विचरण 2.05 पट होते. जिल्ह्यातली 880 घरे मग जेमतेम 430 सुट्या घरांइतके बोलतात. हे न सांगता काढलेली प्रमाणत्रुटी खोटी लहान दिसते आणि दोन जिल्ह्यांतला नसलेला फरक ‘सिद्ध’ होतो.

‘आर’मध्ये हे काम थॉमस लम्ली यांचे ‘सर्वे’ पॅकेज करते. आधी ‘एसव्हीवायडिझाइन’ या आज्ञेत समूह, स्तर आणि वजन हे तीन रकाने सांगायचे; मग ‘मीन’ऐवजी ‘एसव्हीवायमीन’ वापरायचे. ‘स्टेटा’त हेच काम ‘एसव्हीवायसेट’ने होते. एक पथ्य पाळा : फक्त ग्रामीण घरे हवी असली, तरी बाकीच्या ओळी आधी खोडू नका. पूर्ण फाइलचा आराखडा सांगून झाल्यावर त्याचाच उपगट घ्या. नाहीतर काही समूह हिशेबातून गुपचूप गळतात.

आणखी एक गोष्ट. या वजनांची देशपातळीवरची बेरीज नमुन्यातल्या घरांइतकीच भरेल अशी ती बेतलेली आहेत. म्हणून त्यांतून टक्केवारी निघते, पण ‘महाराष्ट्रात गॅसची घरे एकूण किती’ हे थेट निघत नाही. त्यासाठी ती टक्केवारी राज्यातल्या एकूण घरांच्या संख्येला लावावी लागते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या फाइलींत मात्र ‘मल्टिप्लायर’ असतो. त्याने एकूण संख्याही काढता येते. त्याकडे पुढच्या आठवड्यात वळू.

तोवर हा गृहपाठ. छापील अहवालानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. हाच आकडा फाइलमधून स्वतः काढा, एकदा वजनाशिवाय आणि एकदा वजनासह. दुसरे उत्तर 35.2 शी जुळले नाही, तर नवा निष्कर्ष काढायला बसू नका. आधी आपली आज्ञा तपासा.