जुन्या होडीला नवे इंजिन घेताना

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मगरिबची अजान झाली तरी थोरल्या भावाची होडी भाट्याच्या खाडीत शिरली नव्हती. मोबाईल लागत नव्हता. भाभी जानमाजवरून उठल्याच नाहीत. इशाच्या सुमारास शेजारच्या तांडेलाने दोरी बांधून होडी ओढत आणली. होडीला इंजिने दोन होती आणि दोन्ही एकदम बंद पडली होती. कारण अगदी साधे निघाले. दोन्ही इंजिनांना पेट्रोल एकाच टाकीतून जात होते आणि त्या टाकीत पाणी शिरले होते.

इंजिने जुनी, टू-स्ट्रोक, 9.9 हॉर्सपॉवरची. ती बदलायची वेळ आलीच होती. भाईजान म्हणाले, "आता 40 हॉर्सपॉवरचे एकच दणकट इंजिन घेतो. दुकानदार हप्त्यावर द्यायला तयार आहे." 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे विचाराला दोन महिने होते. मशवऱ्याने काम करणाऱ्यांची कुरआनने तारीफ केली आहे. आम्ही घरातली सगळी माणसे बसलो, भाभींनाही बसवले. त्या बैठकीत जे समजले, ते होडीवर पोट असलेल्या इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

आधी होडी तपासा

इंजिन ज्या मागच्या फळीवर बसते, ती आधी पाहावी. आमच्या होडीच्या फळीवर वरून फायबर चांगले दिसत होते. कारागिराने हातोडीने ठोकून पाहिले, तर खाली एका बाजूला बद्द आवाज आला. आतले लाकूड भिजून कुजले होते. अशा फळीवर दुप्पट ताकदीचे, जड इंजिन लावले असते, तर भर समुद्रात फळीच उचकटली असती. म्हणून पहिला खर्च इंजिनाचा न करता फळीचा केला.

फळीची उंचीही मोजून घ्यावी. बाहेरून लावायच्या इंजिनांचा शाफ्ट बहुधा 15 किंवा 20 इंची असतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला, तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसते ओरडते. लांब झाला, तर पाण्याचा अडथळा वाढतो, आणि उथळ खाडीत पंखा तळाला लागतो.

जास्त ताकद म्हणजे जास्त वेग नव्हे

जड पोटाच्या होडीला वेगाची एक मर्यादा असते. पाण्यात टेकलेली लांबी 22 फूट असेल, तर ती साधारण 6 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 11 किलोमीटर. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढण्यात ताकद घालवते. हलक्या, सपाट बुडाच्या होडीची गोष्ट वेगळी. ती पाण्यावर उचलली जाऊन पळते. मी म्हटले, "भाईजान, तुमची होडी तशी नाही. 40 हॉर्सपॉवर घेतलेत, तरी माल पहिल्याइतकाच येईल आणि पेट्रोल मात्र जास्त जळेल."

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक हलके आणि साधे. गावातला मिस्त्री ते सहज उघडतो. पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि धूरही जास्त. फोर-स्ट्रोक कमी पेट्रोलवर चालते आणि त्याचे तेल वेगळे असते. मात्र तेवढ्याच ताकदीचे असून ते जड आणि महाग असते, आणि वेळेवर तेल बदलावे लागते. इथे हिशेब मांडून पाहावा. वर्षाला 200 फेऱ्या होत असतील आणि फेरीमागे 2 लिटर पेट्रोल वाचत असेल, तर वर्षाला 400 लिटर वाचले. त्याला आजच्या दराने गुणा, म्हणजे जास्तीची किंमत किती वर्षांत फिटेल ते कळते. फेऱ्या थोड्याच होत असतील, तर टू-स्ट्रोकही वाईट नाही.

पैसा कुठून आणायचा?

हप्त्याच्या कागदात व्याज होते. भाभी म्हणाल्या, "समुद्रातून हलाल रोजी आणायची आणि ती व्याजात घालायची? माझ्या बांगड्या मोडा." बांगड्या मोडू दिल्या नाहीत. घरात जमवलेल्या पैशांत मामूंनी कर्ज-ए-हसना दिले, त्यातून 9.9 हॉर्सपॉवरचे एकच नवे फोर-स्ट्रोक घेतले. जुन्या दोनपैकी जे बरे होते, ते दुरुस्त करून जोडीला ठेवले. कर्ज घरातलेच होते, तरी सूरह बकराच्या हुकुमाप्रमाणे रक्कम आणि मुदत लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. लिहून ठेवल्याने नात्यात गैरसमज राहत नाही.

मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत आधी विचारावे. इंजिनासाठी योजना चालू असेल, तर खरेदीपूर्वीच अर्ज करावा लागू शकतो. पक्के बिल आणि इंजिनाचा नंबर जपून ठेवावा.

उंटाला आधी बांधा

आता दोन्ही इंजिनांच्या टाक्या वेगळ्या आहेत, आणि प्रत्येकीला पाणी गाळणारा फिल्टर आहे. जुन्याला तेल मिसळलेले पेट्रोल लागते, नव्याला निव्वळ. चूक होऊ नये म्हणून पुतणीने एका कॅनला लाल आणि दुसऱ्याला हिरवा रंग लावला. रोज परतल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवले जाते. गंज स्वतःवर ओढून घेणारा जस्ताचा तुकडा निम्मा झिजला की बदलायचा. जोडीचे इंजिनही आठवड्यातून एकदा समुद्रात चालवून पाहायचे, नाहीतर गरजेच्या वेळी ते सुरूच व्हायचे नाही.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. 1 ऑगस्टला पहाटे फजरनंतर भाईजान निघाले, तेव्हा भाभींनी दुआ केली आणि मग विचारले, "दोन्ही कॅन घेतलेत ना?"