पाइनची पेरणी करणारा पक्षी

१९८८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग वणव्यांच्या तडाख्यात सापडला आणि हजारो माणसे राबूनही न विझलेली ही आग अखेर सप्टेंबरमधील पावसाने व हिमवृष्टीने आटोक्यात आली. त्यानंतर तेथील लॉजपोल पाइनची रोपे दाटीने उगवली, कारण या जातीचे पुष्कळसे शंकू (बिया ज्यात पिकतात ती खवल्याखवल्यांची बोंडे) राळेने घट्ट मिटलेले असतात आणि आगीच्या धगीने राळ वितळली की उघडून बिया राखेवर सांडतात. वृक्षरेषेलगत, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे तग धरू शकत नाहीत त्या सीमेजवळ, वाढणाऱ्या व्हाइटबार्क पाइनला मात्र ही सोय नाही. त्याचे शंकू पिकल्यावरही आपोआप उघडत नाहीत आणि त्यातील जड बियांना वाऱ्यावर तरंगण्यासाठी पंख नसतात.

या झाडाची पेरणी जवळजवळ सर्वस्वी क्लार्क्स नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातील राखाडी पक्षी करतो. अणकुचीदार चोचीने शंकू फोडून तो बिया जिभेखालच्या पिशवीत भरतो, कित्येक किलोमीटर दूर नेतो आणि दोन-तीन सेंटिमीटर खोल मातीत थोड्याथोड्या पुरून ठेवतो. एकेक पक्षी एका हंगामात हजारो बियांची अशी बेगमी करतो आणि त्यातल्या ज्या खाल्ल्याविना राहतात त्यांतून रोपे उगवतात, त्यामुळे एकाच बुंध्यातून फुटल्यासारखी दिसणारी खोडे बरेचदा शेजारी रुजलेली वेगवेगळी झाडे असतात. बिया पुरण्यासाठी या पक्ष्याला मोकळी जमीन पसंत पडते आणि वणवा नेमकी तीच तयार करून देतो.

संशोधक डायना टॉमबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या वणव्यांनंतर यलोस्टोन परिसरातील हेंडरसन पर्वत आणि माउंट वॉशबर्न येथील जळलेल्या उतारांवर या रोपांचा अनेक वर्षे मागोवा घेतला, तेव्हा पुरलेले बी पुढच्याच वर्षी उगवेल असे नसून ते एखाददुसरे वर्ष मातीत पडून राहू शकते, हे स्पष्ट झाले. शंकूंचे पीक सालोसाल सारखे येत नसल्याने ही दिरंगाई झाडाच्या पथ्यावरच पडते.

आग ही या जातीची खरी वैरीण नाही. उलट वणवे दीर्घकाळ रोखून धरल्याने अनेक ठिकाणी सावलीतही वाढणाऱ्या फर वृक्षांनी तिला मागे रेटले. घात केला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीस युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर उत्तर अमेरिकेत शिरलेल्या बुरशीने. गव्हावरच्या तांबेऱ्याच्याच गटातील ही बुरशी आपल्या जीवनचक्राचा काही भाग करंट-गूजबेरीसारख्या झुडपांवर काढते, पाइनच्या सुईसारख्या पानांतून फांदीत व खोडात उतरते आणि शंकू धरणारे शेंडे वाळवते. त्यात खोडाची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या धाडीची भर पडल्याने शंकू फारच कमी उरले की नटक्रॅकर दुसरीकडे वळतो. मग वणव्याने जमीन कितीही मोकळी केली तरी तेथे बी पोहोचवणारा कोणी नसतो. जळलेल्या क्षेत्राभोवतीच्या जिवंत झाडांवर पुनरुज्जीवन किती अवलंबून असते, ते यावरून दिसते. २०२२ मध्ये अमेरिकेने या वृक्षाची नोंद संकटग्रस्त म्हणून केली, ती प्रामुख्याने या बुरशीमुळे.

म्हणून वनखाते आता बुरशीला दाद न देणारी झाडे हेरते, उन्हाळ्यात गिर्यारोहकांच्या कौशल्याने त्यांच्या शेंड्यांवर चढून कोवळ्या शंकूंना तारेच्या जाळीचे पिंजरे बांधते आणि पिकलेले शंकू शरद ऋतूत उतरवते; हे पिंजरे बांधायचे असतात ते नटक्रॅकर आणि खारी यांच्यापासून बिया वाचवण्यासाठी. त्या बियांची रोपवाटिकेत वाढवलेली रोपे जळलेल्या उतारांवर लावली जातात. झाडाला पहिले शंकू धरण्यास साधारण वीस-तीस वर्षे आणि भरघोस पीक येण्यास साठ-ऐंशी वर्षे लागतात, म्हणजे १९८८ नंतर रुजलेली झाडे अद्याप पुरेशी फळती झालेली नाहीत.