आचेने फुगणारे कवच

तव्यावर तुरटीचा खडा ठेवला की तो आधी वितळतो, मग त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि मागे पांढरी, हलकी, सच्छिद्र लाही उरते. टाकणखाराचीही अशीच लाही होते, आणि दिवाळीत नागगोळी पेटवल्यावर तिच्यातून सरसरत बाहेर येणारा काळा साप हाही वायूंनी फुगवलेला कोळसाच असतो. आच लागताच पदार्थ अनेक पटींनी फुगावा, आत असंख्य पोकळ्या निर्माण व्हाव्यात आणि त्यामुळे तो उष्णतेचा मंदवाहक बनावा, या गुणाचा उपयोग आग रोखण्यासाठी करून घेणाऱ्या रंगांना, पट्ट्यांना व लुकणांना बांधकाम व्यवसायात ‘इंट्युमेसंट’ म्हणतात.

अशा रंगात सहसा तीन घटक एकमेकांच्या भरवशावर काम करतात. अमोनियम पॉलिफॉस्फेट हे लवण सुमारे 240 अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊन आम्ल सोडते. ते आम्ल पेंटाएरिथ्रिटॉल या कार्बनयुक्त अल्कोहोलातले पाणी ओढून घेऊन त्याचा कोळसा करते. आणि हा कोळसा अजून मऊ, चिकट असतानाच मेलॅमीनमधून निघणारे न पेटणारे वायू त्याला पोळीसारखे फुगवतात. क्रम चुकला, म्हणजे कोळसा कडक झाल्यावर वायू सुटले, तर कवचाला तडे जातात आणि सगळे मुसळ केरात. म्हणून या रसायनांची निवड त्यांच्या विघटनाच्या तापमानावर बेतलेली असते. एक मिलिमीटर जाडीच्या थराचे काही सेंटिमीटर जाडीचे फेसाळ कवच होऊ शकते. पट्ट्यांमध्ये मात्र बहुधा प्रसरणशील ग्राफाइट वापरतात. त्याच्या पापुद्र्यांमध्ये अडकवलेले आम्ल तापून वायुरूप झाले की पापुद्रे एकमेकांपासून दूर लोटले जातात आणि ग्राफाइट मूळ आकारमानाच्या शेकडोपट फुगू शकते.

पोलादाचे बळ 550 अंशांच्या आसपास निम्म्यावर येते, आणि अग्निरोधाच्या प्रमाणित चाचणीत भट्टीचे तापमान पहिल्या पाच मिनिटांतच 576 अंशांवर पोहोचते, यावरून उघड्या लोखंडी खांबाला अशा रंगाची गरज का भासते ते स्पष्ट होते. लाकडी तुळया आणि जिने यांच्यासाठी पारदर्शक लेपही मिळतात. परंतु अमोनियम पॉलिफॉस्फेट पाण्यापुढे फारसे टिकत नसल्यामुळे कोकणासारख्या दमट हवेत त्यावर संरक्षक वरलेप नसेल, तर काही पावसाळ्यांनंतर त्या लेपाचा भरवसा धरता येत नाही. सिमेंट-काँक्रीटच्या सदनिकेत भिंतीला हा रंग फासण्यात मात्र फारसे हशील नाही, कारण तेथे आग भिंतीतून नव्हे, फटीतून पुढे जाते.

फटींमध्ये पहिली दाराची. दार आणि चौकट यांच्यामध्ये उघडझाप सुरळीत व्हावी म्हणून तीन-चार मिलिमीटर जागा सोडावीच लागते, आणि नेमकी तीच ज्वाळांची वाट ठरते. अग्निरोधक दाराच्या कडेला किंवा चौकटीत खोबण पाडून बसवलेली फुगणारी पट्टी तापताच ही जागा गच्च भरून टाकते. येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे: पट्टी फुगते ती बरीच तापल्यावर, आणि दूरच्या खोलीतून येणारा धूर तेवढा गरम असतोच असे नाही. आगीत सापडलेल्या माणसाचा जीव बहुधा ज्वाळेआधी धूर घेतो, म्हणून पट्टीला जोडून धूर अडवणारी रबरी कड किंवा ब्रश असावा लागतो, आणि दार आपोआप बंद करणारा क्लोजरही. उघड्या दाराची पट्टी कितीही फुगली तरी ती हवेतच फुगणार.

दुसरी वाट भिंतीतून व स्लॅबमधून जाणाऱ्या नळ्यांची. पीव्हीसीचा पाइप आगीत मऊ पडून वितळला की त्याच्या जागी सरळ धुराडेच तयार होते. त्याच्याभोवती बसवलेल्या फायर कॉलरमधील द्रव्य आतल्या बाजूला फुगून मऊ पडलेला पाइप चिमटते आणि भोक बुजवते. उंच इमारतींतील विजेचे डक्ट मजल्यामजल्यावर बंद केलेले असावेत, अशी अपेक्षा 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात आहे. न बुजवलेल्या डक्टमधून खालच्या मजल्यावरचा धूर काही मिनिटांत वर चढतो.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 जणांचा मृत्यू झाला. तेथील मुख्य दोष इमारतीच्या बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणाचा होता. तथापि त्या आवरणामागील पोकळीत आग अडवण्यासाठी बसवलेले अडथळे अनेक ठिकाणी चुकीच्या पद्धतीने लावलेले आढळले, कित्येक दारांना क्लोजर नव्हते, आणि तेथून काढून तपासलेले एक दार अपेक्षित 30 मिनिटांऐवजी सुमारे 15 मिनिटांत निकामी झाले. द्रव्य चांगले असणे आणि ते नीट बसवलेले असणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर पडू शकते हे त्यातून दिसले.

ही द्रव्ये आग विझवत नाहीत. ती अर्धा तास, तास किंवा दोन तास अशी मोजलेली मुदत मिळवून देतात, आणि ती मुदतही चाचणीत वापरलेली जाडी, चौकट, बिजागऱ्या व फटीची रुंदी तशीच ठेवली तरच मिळते. ताबा घेताना डक्ट व्यवस्थित बुजवलेला असतो. पुढे केबल टाकणारा येतो, त्याला ड्रिलने एक भोक पाडतो, वायर ओढतो आणि भोक तसेच ठेवून निघून जातो.