कुंडीखालची आरी

पाऊस लागला की बागाईतदाराला शंखी गोगलगायीची धास्ती असते, आणि ती खोटी नाही. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. मूळची पूर्व आफ्रिकेतली ही जात १८४७ साली विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणून कोलकात्याच्या एका बागेत सोडली होती.

या धास्तीत मारली जाते भलतीच. एखाद्या परसात कुंडी उचलावी, खाली पिवळसर, बारीक शंख चिकटलेले दिसावेत आणि शंखीची पिल्ले समजून त्यांच्यावर मूठभर मीठ पडावे, असे सहज घडू शकते. पण ती पिल्ले नसून अ‍ॅलोपियास ग्रॅसिले या वेगळ्या जातीची पूर्ण वाढलेल्या गोगलगायी असू शकतात.

ओळखायची कशी? आधी आकार पाहावा. कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या कारागिराच्या आरीसारखा निमुळता, पण टोकाला बोथट. उंची साधारण एक सेंटिमीटर, रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर, वेढे सात ते नऊ. शंखीचे पिल्लू तेवढ्याच उंचीला कितीतरी फुगीर असते. जिवंतपणी कवच चकचकीत आणि इतके पारदर्शक, की आतले पिवळे शरीर दिसते. अंडी धरलेली असली तर तीही पांढऱ्या मण्यांसारखी मोजता येतात. मेल्यावर तेच कवच खडूसारखे पांढरे पडते.

खरी परीक्षा मात्र भिंगाखाली. शंखाच्या तोंडाशी, वेढे ज्याभोवती फिरतात तो मधला दांडा पाहावा. शंखीत आणि दिसायला बरीच जवळची असलेल्या सुबुलिना ऑक्टोना या जातीत तो खाली तुटल्यासारखा संपतो. ग्रॅसिलेत तो ओठाला सलग मिळतो. ओठ पातळ, धारदार, बाहेर न वळलेला.

शास्त्रीय वर्गीकरणात आज शंखी आणि ग्रॅसिले एकाच कुळात आहेत, हे विशेषच! पण ग्रॅसिलेचे पोट मुख्यतः कुजक्या पाल्यावर भरते. १८३४ साली थॉमस हटन यांनी भारतातल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. तिचा प्रवास त्याहून कितीतरी जुना आहे: पॅसिफिकमधल्या बेटांवर युरोपीय जहाजे पोहोचण्याआधीच्या वस्त्यांच्या उत्खननात तिचे शंख सापडले आहेत. पॉलिनेशियन दर्यावर्दी लागवडीसाठी रोपे नेत, त्यांच्या मुळांच्या मातीतून ती तिथे पोहोचली असावी, असे अभ्यासक मानतात. रोपवाटिकांच्या कुंड्यांतून ती आजही तशीच गावोगाव फिरते.