तेलाच्या दाबाचा दिवा : आधी पारख, मग बदल

महाळुंगे पडवळहून मंचरच्या बाजारात तरकारी नेताना जुन्या मोटारीचा तेलदाबाचा तांबडा दिवा लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. दाब खरोखरच कमी असेल, तर बेअरिंगे थोड्याच वेळात निकामी होतात. मोटार सपाट जागी उभी करून, इंजिन निवल्यावर, पट्टीने तेलाची पातळी पाहावी. पातळी योग्य असल्यास मेकॅनिककडून सेन्सरच्या जागी दाबमापक लावून दाब मोजून घ्यावा. दाब पुरेसा भरला, तरच दोष सेन्सरचा किंवा त्याच्या तारेचा समजावा. नवा सेन्सर त्याच आट्यांचा घ्यावा, थंड इंजिनावर बसवावा व बेताने आवळावा. नंतर इंजिन चालवून गळती पाहावी. सेन्सर थोडक्यात मिळतो, इंजिन नव्हे. म्हणून पारख केल्यावाचून दिव्याचा इशारा खोटा मानू नये.