मॉरिशसचा लहान शेतकरी आणि गिरणीचा कांटा

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर जिकडे पाहावें तिकडे ऊस. पण तेथील घरांत शिजणारा तांदूळ आणि गव्हाचें पीठ जहाजानें येतें. साखर विकावी आणि अन्न विकत आणावें, हा बेटाचा जुना व्यवहार. त्यांत सर्वांत दुबळा पक्ष म्हणजे थोडक्या जमिनीवरचा ऊसकरी.

हा शेतकरी बहुधा हिंदी मजुराचा वंशज. १८३४ पासून करारबंद मजूर तेथें गेले. मुंबई बंदरांतून गेलेले मराठी भाषिकही त्यांत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनीं जमिनीचे तुकडे विकावयास काढले, तेव्हां कित्येकांनीं पै-पै सांठवून ते घेतले. जमीन मिळाली, परंतु गिरणी आणि वजनकांटा मळेवाल्यांच्याच हातीं राहिला. तोडलेल्या उसांतील साखर दिवसागणिक घटते. म्हणून मिळेल तो भाव मुकाट्यानें घ्यावा लागे.

१९३७ सालीं ‘ऊबा’ उसाच्या भावांत शेंकडा १५ कपात झाली. ही जात काटक, पण साखरेला उणी. गरिबांची भिस्त तिच्यावरच होती. असंतोष भडकला आणि ऑगस्टमध्यें युनियन फ्लाक येथें गोळीबारांत चार जण मृत्यु पावले. हूपर समितीनें चौकशी केली. १९३९ सालीं ऊसकरी व गिरणीवाले यांच्यांतील तंटे तोडण्यासाठीं सरकारी मंडळ स्थापन झालें. वजन आणि साखरेचा उतारा यांवर त्रयस्थाची नजर आली. आज उसापासून निघणाऱ्या साखरेपैकीं शेंकडा ७८ भाग ऊसकऱ्याचा आणि २२ गिरणीचा, अशी वांटणी आहे.

वादळापासून संरक्षण म्हणून १९४६ सालीं विमानिधि निघाला. भाजीपाल्यासाठीं १९६३ च्या कायद्यानें शेतमाल विक्री मंडळ निर्माण झालें. बटाटे व कांदे यांची आयात स्थानिक पिकाला मारक होऊं नये, हा त्याचा एक हेतु.

कायद्यालाही मर्यादा आहेत. तो कांटा सरळ करूं शकतो. जगाच्या बाजारांतील भाव ठरवूं शकत नाहीं. युरोपनें २००६ नंतर साखरेचा हमीभाव शेंकडा ३६ नें उतरविला आणि अनेक लहान शेतकऱ्यांनीं ऊस सोडला. गिरण्याही मिटत मिटत तीनच उरल्या. विकणारे अनेक आणि घेणारे मोजके, अशा ठिकाणीं कायदा नसेल तर शेतकऱ्याचें स्वातंत्र्य नांवापुरतेंच उरतें. पडीक रानाबरोबर बेटाचें परावलंबनही वाढतें. म्हणून हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच शहरांतील गृहिणीचाही आहे.