विश्लेषण : कोलोनोस्कोपी झाली, मग सीटी-एमआरआय कशासाठी?

महिनोन्महिने जुलाब, पोटदुखी, घटणारे वजन. कोलोनोस्कोपी होते, तुकडा तपासणीला जातो आणि तरीही डॉक्टर चिठ्ठीवर ‘सीटी एन्टरोग्राफी’ लिहून देतात. दुर्बिणीने आत पाहून झाल्यावर आणखी स्कॅनचा खर्च कशाला, असा प्रश्न रुग्णाला पडणारच. त्याचे उत्तर आतड्याच्या रचनेत आहे.

दुर्बीण कुठपर्यंत पोहोचते?

कोलोनोस्कोपीची नळी गुदद्वारातून संपूर्ण मोठे आतडे आणि लहान आतड्याचा शेवटचा काही सेंटिमीटरचा भाग पाहू शकते. लहान आतडे मात्र सुमारे सहा मीटर लांब असते. तोंडातून घातलेली दुर्बीणही जठराच्या थोडी पुढे जाऊन थांबते. मधला मोठा पट्टा दोन्हींच्या टप्प्याबाहेर राहतो.

आतड्याच्या दाहाचे, म्हणजे ‘आयबीडी’चे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस सहसा गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग पसरतो आणि मुख्यतः आतल्या अस्तरापुरता राहतो; त्यामुळे तो दुर्बिणीला छान सापडतो. क्रोन्स डिसीजचे तसे नाही. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये निरोगी भाग सोडून सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी पोखरतो. कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त आतला पृष्ठभाग. कारखान्यात पाइपच्या आत कॅमेरा सोडला तरी भिंतीची जाडी मोजायला बाहेरून अल्ट्रासाउंड लावावाच लागतो, तसेच हे. जाड झालेली भिंत, आकसलेला मार्ग, बाहेर साठलेला पू, शेजारच्या अवयवात उघडलेला भगेंद्रासारखा मार्ग (फिस्टुला) हे स्कॅनमध्ये दिसते.

स्कॅनआधी दीड लिटर पाणी का पाजतात?

रिकामे आतडे मिटलेले असते आणि मिटलेली भिंत उगाच जाड भासते. साधे पाणी वाटेतच शोषले जाते. म्हणून मॅनिटॉलसारखा, सहज न शोषला जाणारा पदार्थ मिसळलेले एक ते दीड लिटर पाणी पाऊण-एक तासात थोडे थोडे प्यायला देतात. आतडे फुगते, चित्र स्पष्ट येते. नंतर काही तास पातळ जुलाब होऊ शकतात. हे रुग्णाला आधी सांगायला हवे, पण अनेकदा राहून जाते.

सीटी झटपट होतो, पण त्यात किरणोत्सर्ग आहे. क्रोन्स बहुधा तरुणपणीच गाठतो आणि तपासण्या आयुष्यभर कराव्या लागतात. त्यामुळे पुढील पाहणीसाठी शक्य तिथे एमआर एन्टरोग्राफी किंवा अनुभवी हाताने केलेली पोटाची सोनोग्राफी निवडतात. गुदद्वाराजवळच्या भगेंद्रासाठी एमआरआय विशेष उपयोगी.

भारतात खरा पेच क्षयाचा

आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोन्ही बहुधा लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ होतात. लक्षणे सारखी, दुर्बिणीतले व्रण सारखे, कित्येकदा तुकड्याचा अहवालही निर्णायक नसतो. उपचार मात्र उलट दिशेचे. क्रोन्स समजून क्षयरुग्णाला स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षय बळावू शकतो. सीटीमध्ये मधोमध कुजलेल्या लसिका गाठी दिसल्या तर संशय क्षयाकडे झुकतो. लांब पट्ट्यात, तुटक तुटक दाह असेल तर क्रोन्सकडे. तरीही उलगडा झाला नाही, तर क्षयाची औषधे काही महिने देऊन पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले का ते पाहिले जाते.

मग नुसते स्कॅन पुरे का नाही?

सुरुवातीचे उथळ व्रण स्कॅनमधून निसटतात आणि तुकडा फक्त दुर्बिणीनेच घेता येतो. मोठ्या आतड्याचा दाह असेल, तर साधारण आठ वर्षांनंतर कर्करोगासाठीही ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करावी लागते. गिळायच्या कॅप्सूल कॅमेऱ्याचा पर्याय आहे, पण आतडे कुठे आकसले असेल तर कॅप्सूल तिथेच अडकते. म्हणून तशी शंका असेल तर कॅप्सूल देण्याआधी डॉक्टर स्कॅन पाहून घेतात.